प्रवासात नेण्याजोगा, तरीही आकाशछायाचित्रणाला पुरेल इतका भक्कम ट्रायपॉड कसा निवडावा

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे जाताना शहराचा उजेड मागे पडला की आकाशगंगा साध्या डोळ्यांनी दिसू लागते, आणि फेब्रुवारीच्या पहाटेपासून मे महिन्यातील उत्तररात्रीपर्यंत तिचा धनू राशीतील गाभा टिपण्यासाठी हौशी छायाचित्रकार या भागाकडे वळतात. कॅमेरा आणि लेन्स यांची निवड महिनोन्‌महिने करणारी हीच मंडळी ट्रायपॉड घेताना मात्र दोन टोकांना जातात. काही जण पाठपिशवीत दिसेनासा होईल इतका हलका ट्रायपॉड घेतात आणि घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात त्याचे पाय थरथरू लागतात. काही जण लग्नसमारंभाच्या चित्रीकरणासाठीचा अवजड व्हिडिओ ट्रायपॉड घेतात आणि दुसऱ्या खेपेपासून तो घरच्या कोपऱ्यातच उभा राहतो. या दोन टोकांच्या मधला ट्रायपॉड पायरीपायरीने कसा शोधावा, हे येथे मांडले आहे. माझे मत आधीच नोंदवून ठेवतो: या कामासाठी ट्रायपॉडची उंची ही सर्वांत कमी महत्त्वाची बाब आहे, आणि पायांची जाडी व घडी केल्यानंतरची लांबी या सर्वांत महत्त्वाच्या. दुकानात नेमके याच्या उलट सांगितले जाते, कारण उंची ही सहज दाखवता येणारी गोष्ट आहे.

पहिली पायरी: आपण काय टिपणार आहोत ते ठरवणे

एखादा ट्रायपॉड भक्कम आहे की नाही, याचे उत्तर त्यावर कोणती लेन्स किती वेळ उघडी राहणार आहे यावर अवलंबून असते. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकते. ६ मायक्रॉनचे पिक्सेल असलेल्या २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याला २४ मिमीची लेन्स लावली, तर एका पिक्सेलवर आकाशाचा सुमारे ५२ विकलांचा भाग येतो. नाभीय अंतराने ५०० ला भागण्याचा जुना नियम या लेन्सला २० सेकंदांचे एक्सपोजर देतो, आणि तेवढ्या वेळात आकाशगंगेच्या गाभ्याजवळचे तारे सुमारे पाच पिक्सेल लांबीची रेघ ओढतात. म्हणजे ट्रॅकरशिवाय (आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राशिवाय), रुंद लेन्सने टिपलेल्या चित्रात ताऱ्यांच्या स्वतःच्या चालीमुळे येणारा अस्पष्टपणा ट्रायपॉडच्या बारीक थरथरीपेक्षा बहुधा मोठाच असतो, आणि अशा कामाला मध्यम प्रतीचा ट्रायपॉड पुरतो.

स्टार ट्रॅकर आला की हिशेब बदलतो. ४ मायक्रॉनच्या पिक्सेलवर १३५ मिमीची लेन्स लावली, तर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला अवघ्या ६ विकला येतात. ६ विकला म्हणजे किती, तर कॅमेऱ्याखालच्या १० सेंटिमीटर लांबीच्या प्लेटचे एक टोक ३ मायक्रॉनने वर उचलले गेले की तेवढा कोन होतो. आणि ही स्थिरता एखाद्या क्षणापुरती पुरत नाही, तर दोन-तीन मिनिटांच्या प्रत्येक एक्सपोजरभर, तासन्‌तास टिकावी लागते. मृग नक्षत्रातील तेजोमेघ किंवा देवयानी दीर्घिका टिपण्याचा विचार मनात असेल, तर ट्रायपॉड आजच्या लेन्ससाठी न घेता त्या कामासाठी घ्यावा.

तिसरा प्रकार ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेघांचा. त्यात थरथरीचे भय कमी असते. पण तास-दोन तासांत ट्रायपॉडचा एखादा पाय मातीत रुतला किंवा बॉल हेड (ट्रायपॉडवर कॅमेरा धरणारा, गोळ्यावर फिरणारा भाग) वजनाने किंचित झुकले, तर सगळ्या रेघा एकाच ठिकाणी मोडलेल्या दिसतात.

दुसरी पायरी: वजनाचा हिशेब

ट्रायपॉडच्या खोक्यावर छापलेली भारक्षमता सर्व उत्पादकांनी एकाच कसोटीवर मोजलेली नसते, म्हणूनच जेमतेम सव्वा किलोचा ट्रायपॉडही १० किलो पेलण्याची ग्वाही देतो. तेवढ्या भाराखाली पाय आपोआप आत सरकणार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. त्या भाराखाली चित्र स्थिर येईल असे त्यातून सिद्ध होत नाही. आपल्याकडचा कॅमेरा, लेन्स, प्लेट, दवरोधक पट्टा, ट्रॅकर, वेज (ट्रॅकरला ध्रुवाकडे कलवून धरणारा तळ) आणि काउंटरवेट (कॅमेऱ्याचा तोल साधणारे वजन) यांचे एकत्र वजन करावे, आणि छापील भारक्षमता त्याच्या निदान तिप्पट असेल असाच ट्रायपॉड पुढच्या विचारासाठी ठेवावा. मिररलेस कॅमेरा व एक रुंद लेन्स यांचे वजन सव्वा ते दीड किलोच्या आसपास भरते. ट्रॅकरसह हेच वजन सहज चार-पाच किलोंवर जाते. स्काय-वॉचरच्या स्टार अ‍ॅडव्हेंचरर २आय या ट्रॅकरची स्वतःची भारमर्यादा ५ किलो आहे, आणि हे सगळे शेवटी ट्रायपॉडच्याच डोक्यावर येते, हे विसरू नये.

याच टप्प्यावर आपण प्रवास कसा करतो तेही लिहून काढावे. मोटारीने जाणाऱ्याला ६५ सेंटिमीटर लांबीची घडीही चालते. दुचाकीवर, एसटीत किंवा वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसमध्ये मांडीवर पिशवी घेऊन जाणाऱ्याला मात्र ५० सेंटिमीटरच्या आतली घडी हवी, कारण त्यापेक्षा लांब ट्रायपॉड पिशवीबाहेर डोकावतो आणि चोर्ल्याच्या वळणांवर शेजाऱ्याला टोचतो. सांबऱ्याहून विमानाने लडाख किंवा कच्छच्या रणाकडे जायचे असेल, तर बहुतेक देशांतर्गत विमान कंपन्यांची हातातल्या सामानाची ७ किलोंची मर्यादा कॅमेऱ्यातच संपते. तेव्हा ट्रायपॉड चेक-इन सामानात कपड्यांत गुंडाळून द्यावा आणि त्याची टोकदार अणकुची पावले काढून वेगळी ठेवावीत. हेडसह दोन किलोंच्या जवळपासचे वजन हे बहुतेकांच्या खांद्याला आणि कामाला दोन्ही मानवते. ते दीड किलोच्या खाली आणण्याच्या हट्टात भक्कमपणा फार वेगाने गमवावा लागतो.

तिसरी पायरी: पायांची जाडी आणि टप्पे

हा या निवडीचा गाभा आहे, म्हणून येथे घाई करू नये. पातळ भिंतीच्या नळीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. साहित्य आणि भिंतीची जाडी तीच ठेवून वरच्या नळीचा व्यास २२ मिमीवरून २८ मिमीवर नेला, तर ताठरपणा दुपटीहून किंचित अधिक होतो. २५ वरून ३२ वर गेल्यासही तेच प्रमाण मिळते. उलट बाजूने, टोकावर जोर पडलेल्या नळीचे वाकणे तिच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ट्रायपॉड संपूर्ण उघडून १५० सेंटिमीटरवर वापरण्यापेक्षा शेवटचा टप्पा बंद ठेवून ११० सेंटिमीटरवर वापरणे हा फुकटात मिळणारा भक्कमपणा आहे.

पायाचे टप्पे जितके जास्त, तितकी घडी आखूड आणि तितकाच शेवटचा टप्पा बारीक. प्रत्येक टप्प्याला नळीचा व्यास साधारण ३ ते ४ मिमीने घटतो. २८ मिमीने सुरू होणाऱ्या चार टप्प्यांच्या पायाची शेवटची नळी १८-१९ मिमीपर्यंत येते आणि ती वापरण्याजोगी असते. २२ मिमीने सुरू होणाऱ्या पाच टप्प्यांच्या पायाची शेवटची नळी मात्र शाईच्या पेनाएवढीच जाड उरते, आणि कॅमेऱ्याचा सगळा भार त्याच नळीवर उभा असतो. म्हणून जाहिरातीत दिलेला वरचा व्यास पाहून थांबू नये. दुकानात फूटपट्टी किंवा व्हर्नियर नेऊन सर्वांत खालच्या नळीचा व्यास मोजावा. दुकानदार चमकून पाहील, पाहू द्यावे.

माझी शिफारस अशी आहे. ट्रॅकरशिवाय काम करणाऱ्याने वरची नळी निदान २५ मिमी आणि टप्पे चार, यापेक्षा खाली उतरू नये. ट्रॅकर वापरणाऱ्याने २८ मिमी व चार टप्पे, किंवा मोटार हाताशी असल्यास ३२ मिमी व तीन टप्पे घ्यावेत. पाच टप्पे फक्त विमानप्रवासच मुख्य असणाऱ्यांनी घ्यावेत, आणि त्यांनीही पाचवा टप्पा कधीच उघडायचा नाही असे गृहीत धरूनच उंची तपासावी.

उलटे फिरून हेडभोवती मिटणारे पाय घडी आठ-दहा सेंटिमीटरने कमी करतात. सोय चांगली आहे. पण या रचनेत पायांच्या वरच्या सांध्यात खेळ राहण्याची शक्यता अधिक असते. तो सांधा हाताने हलवून पाहावा, आणि त्याचा बोल्ट अ‍ॅलन चावीने घट्ट करता येतो की नाही ते विचारावे.

साहित्याबद्दल थोडक्यात. कार्बन फायबरचा ट्रायपॉड त्याच आकाराच्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा हलका असतो, त्यातील कंप लवकर विरतो, आणि जानेवारीच्या पहाटे तो हाताला गारठत नाही. किंमत मात्र त्याच मॉडेलच्या अ‍ॅल्युमिनियम आवृत्तीच्या दीडपट ते दुप्पट पडते. अ‍ॅल्युमिनियमला आपटल्यावर पोचा येतो, तरी ते चालत राहते, कार्बनला तडा गेला की तो पाय संपला. पैसे मोजके असतील तर बारीक कार्बनपेक्षा जाड अ‍ॅल्युमिनियम घ्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चौथी पायरी: मधला दांडा, कुलुपे आणि पावले

मधला दांडा वर उचलला की तीन पायांचा ट्रायपॉड एका काठीवर उभा राहतो. तो उचलून तारे टिपू नयेत, हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम बरोबरच आहे. निवडीच्या दृष्टीने पाहायचे ते असे की दांडा पूर्ण काढता येतो का, किंवा त्याच्या जागी आखूड दांडा बसतो का. दांडा काढता आला तर पाय पसरून कॅमेरा जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर आणता येतो, आणि घाटमाथ्यावर वाऱ्याला तोंड देण्याचा तोच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

पायांची कुलुपे दोन प्रकारची असतात: पिळून बसवायची आणि खटका दाबून बसवायची. पिळाची कुलुपे आटोपशीर असतात आणि पिशवीत अडकत नाहीत. खटक्याचे कुलूप उघडे आहे की बंद, हे अंधारात बोटाने लगेच कळते. खानापूर तालुक्यातील जांभ्याची लाल धूळ फार बारीक असते आणि ती पिळाच्या आट्यांत जाऊन बसते. म्हणून पिळाचे कुलूप घेणार असाल तर ते हत्याराशिवाय पूर्ण खोलता व पुसता येते याची खात्री करावी. खटक्याच्या कुलपात तो घट्ट करण्याचा स्क्रू बाहेरून दिसला पाहिजे, कारण वर्ष-दीड वर्षाने तो सैल होतोच.

पावलांचा विचार सहसा कोणी करत नाही, आणि या सीमाभागात तो करण्याचे ठोस कारण आहे. पश्चिमेकडे जांभ्याचे सडे आणि लाल माती, गोकाकच्या बाजूला कातळ, तर अथणी, रायबाग आणि सौंदत्तीकडे काळी माती, असे जमिनीचे वेगवेगळे प्रकार एकाच जिल्ह्यात भेटतात. सड्यावर रबरी पावले उत्तम धरतात. काळ्या मातीत, विशेषतः पावसाळा नुकताच संपलेला असताना, पाय हळूहळू रुततो आणि ट्रॅकरची ध्रुवजुळणी, म्हणजे त्याचा अक्ष ध्रुवाकडे साधलेला असणे, कोणाच्या लक्षातही न येता बिघडते. तेथे अणकुचीदार पावले उपयोगी पडतात, किंवा प्रत्येक पायाखाली तळहाताएवढा प्लायवूडचा तुकडा ठेवावा. त्यामुळे रबर फिरवून अणकुची बाहेर काढता येणारी, किंवा निदान आट्यांवर बसवलेली आणि बदलता येणारी पावले असलेला ट्रायपॉड निवडावा. नुसते दाबून बसवलेले रबराचे टोपण ऊसशेतीच्या चिखलात राहून जाते.

मधल्या दांड्याखाली किंवा पायांच्या सांध्याखाली आकडा असावा. त्याचा उपयोग पुढे येईल.

पाचवी पायरी: हेड

आकाशछायाचित्रणाला बॉल हेड सोयीचे असते. ३६ ते ४४ मिमी व्यासाचा बॉल बहुतेक कामांना पुरतो. कुलूप घट्ट केल्यानंतर चौकट किती खाली उतरते, हे हेडच्या गुणवत्तेचे खरे लक्षण आहे. स्वस्त हेडमध्ये नेमका साधलेला तारा कुलूप आवळताच जागेवरून सरकतो. वरचा क्लॅम्प ३८ मिमी रुंदीच्या आर्का-स्विस पद्धतीच्या प्लेटसाठीचा असावा, म्हणजे ट्रॅकर, एल-आकाराची पट्टी आणि लेन्सची कॉलर हे सर्व एकाच पद्धतीने बसते. निरनिराळ्या उत्पादकांच्या प्लेट रुंदीत किंचित कमीअधिक असतात आणि खटक्याचा क्लॅम्प काहींना घट्ट पकडत नाही, म्हणून मी स्क्रूचा क्लॅम्प सुचवीन. उभी चौकट टिपण्यासाठी हेड बाजूला पाडण्याऐवजी एल-पट्टी वापरावी. त्यामुळे वजन ट्रायपॉडच्या मध्यावरच राहते.

सहावी पायरी: १६ अंशांवरचा ध्रुवतारा आणि ट्रॅकर

ट्रायपॉडविषयीचे बहुतेक लेखन ४० ते ५० अंश अक्षांशांवरच्या वाचकांसाठी झालेले असते, आणि आपल्याकडे गणित वेगळे पडते. बेळगावचे अक्षांश सुमारे १५.८५ अंश उत्तर आहे. खानापूर त्याच्या किंचित खाली, निपाणी किंचित वर. ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर असतो. याचे ट्रायपॉडच्या निवडीवर तीन परिणाम होतात.

पहिला परिणाम आपल्या फायद्याचा आहे. ट्रॅकरची ध्रुवदुर्बीण (ध्रुवतारा साधण्याची छोटी दुर्बीण) जवळजवळ आडवी राहत असल्यामुळे तिच्यात पाहण्यासाठी मान मुरडून जमिनीकडे वाकावे लागत नाही. घडीच्या स्टुलावर बसून पाहायचे ठरवले, तर ट्रायपॉड ९० ते १०० सेंटिमीटरवर ठेवला तरी डोळा सहज लागतो. उंच ट्रायपॉडसाठी जादा पैसे मोजण्याचे उरलेसुरले कारणही येथे संपते.

दुसरा परिणाम त्रासाचा आहे. ट्रॅकरचा अक्ष जवळजवळ आडवा झाल्याने कॅमेरा ट्रायपॉडच्या मध्यापासून उत्तरेकडे पुढे येतो, आणि काउंटरवेटचा दांडा खाली लोंबत फिरताना ट्रायपॉडच्या पायाला किंवा वेजला धडकू शकतो. कॅमेरा हलका असेल आणि काउंटरवेट नसेल, तर एक पाय सरळ उत्तरेकडे ठेवावा, म्हणजे पुढे आलेल्या वजनाला खालून आधार मिळतो. काउंटरवेट असेल तर उत्तर दिशा दोन पायांच्या मधोमध ठेवून दांड्याला फिरायला वाट करून द्यावी आणि दक्षिणेकडच्या पायाशी थोडे वजन बांधावे. यानेही भागत नसेल, तर ट्रायपॉड आणि वेज यांच्यामध्ये १५-२० सेंटिमीटरचा भक्कम खांब लावतात. ट्रॅकर आधीच घेतलेला असेल, तर तो वेजसह दुकानात नेऊन, १६ अंशांवर कलवून, दांडा पूर्ण फिरवून पाहिल्याशिवाय ट्रायपॉडचे पैसे देऊ नयेत. वेज थेट ट्रायपॉडच्या वरच्या तबकडीवर बसला पाहिजे. मध्ये बॉल हेड ठेवून त्यावर ट्रॅकर चढवणे म्हणजे सर्वांत कच्चा सांधा सर्वांत जास्त भाराखाली आणणे होय.

तिसरा परिणाम जागेविषयी आहे, पण तो ट्रायपॉडच्या वजनाशी येऊन भिडतो. १० मीटर उंचीचे झाड ३५ मीटरच्या आत उत्तरेला उभे असले तर ध्रुवतारा त्यामागे जातो. शिवाय खानापूरच्या बाजूने पाहताना ध्रुवताऱ्याखाली बेळगाव शहराचा उजेड येतो, आणि अंधारे आकाश दक्षिणेकडे, भीमगडच्या जंगलाच्या दिशेने मिळते. उत्तर मोकळी व दक्षिण काळोखी अशी दोन्ही अटी पाळणारी जागा रस्त्याच्या कडेला क्वचितच सापडते. बहुधा सड्यावर किंवा माळावर थोडे चालत जावे लागते, आणि तेथे दोन किलो व पाच किलो यांतला फरक पायांना कळतो. भीमगड हे २०११ मध्ये घोषित झालेले अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत रात्री थांबायचे तर वनखात्याची परवानगी आवश्यक, आणि खासगी शेतात उभे राहायचे तर मालकाला आधी सांगणे आवश्यक.

ज्यांना ट्रॅकर नको, त्यांच्यासाठी एक आनंदाची बाब. आकाशगंगेचा गाभा बेळगावहून दक्षिणेला सुमारे ४५ अंशांपर्यंत वर येतो, आणि एप्रिल-मेच्या रात्री त्रिशंकू दक्षिण क्षितिजाच्या १४ अंश वर दिसतो. या दोन्हींसाठी कॅमेरा फार वर कलवावा लागत नाही, त्यामुळे हेडवर ताण कमी येतो आणि बुटका ट्रायपॉडही पुढच्या झुडपांवरून पाहू शकतो.

सातवी पायरी: दुकानातली परीक्षा

ऑनलाइन मागवलेला ट्रायपॉडही परत करण्याच्या मुदतीत याच परीक्षांतून जावा. बेळगावच्या दुकानांत हाताळायला न मिळालेले नमुने कोल्हापूर, हुबळी किंवा पुण्याला पाहता येतात. सोबत आपला कॅमेरा आणि जवळची सर्वांत लांब लेन्स न्यावी.

प्रथम ट्रायपॉड आपण प्रत्यक्ष वापरणार त्या उंचीवर, म्हणजे शेवटचा टप्पा बंद ठेवून, उभा करावा. वरची तबकडी दोन्ही हातांनी धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे व उलट पिळावी. खालची पावले न सरकता तबकडी फिरत असेल, तर पायांचे सांधे किंवा नळ्या कच्च्या आहेत. मग हळूहळू शरीराचा थोडा भार तबकडीवर टाकावा. एखादा पाय आत सरकला तर कुलूप एकदा आवळून पुन्हा पाहावे. पुन्हा सरकला तर तो ट्रायपॉड परत करावा.

त्यानंतर कॅमेरा लावून दूरच्या दिव्यावर किंवा पाटीवरच्या अक्षरावर साधावा, आणि पडद्यावरील दृश्य दहापट मोठे करावे. एका पायाला बोटाने हलकी टिचकी मारावी आणि थरथर विरेपर्यंतचे सेकंद मोजावेत. मोठ्या लेन्ससह ती एक-दोन सेकंदांत विरली तर ट्रायपॉड चांगला आहे. चार-पाच सेकंद चित्र डोलत राहिले तर वाऱ्यात तो कधीच स्थिर होणार नाही, कारण झुळका त्याहून लवकर लवकर येतात. येथे वाऱ्याचा जोर समजून घ्यावा. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा साधारण आकाराच्या कॅमेरा-लेन्सवर सुमारे २०० ग्रॅम वजनाएवढा आडवा दाब देतो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. येळ्ळूरच्या राजहंसगडासारख्या उघड्या माथ्यावर हा फरक फार लवकर जाणवतो.

शेवटी हेड ४५ अंशांवर कलवून कुलूप आवळावे, चौकटीच्या मध्यावर एक ठळक बिंदू घ्यावा आणि दहा मिनिटांनी पाहावे. तो बिंदू खाली सरकला असेल तर पायांना दोष न देता हेड बदलावे.

वापरलेला कार्बन ट्रायपॉड घेताना प्रत्येक नळीवर नाण्याने हलके ठोकत खालपर्यंत यावे. आवाज एका जागी अचानक बद्द झाला, तर तेथे आतून तडा असण्याचा संभव असतो. नळी आणि तिचा कॉलर यांचा गोंद सुटला आहे का, हे नळी पिळून कळते.

आठवी पायरी: उद्यमबागचा आधार

बेळगावकरांना इतरांना सहज न मिळणारी एक सोय आहे. उद्यमबागच्या फाउंड्र्या व लेथच्या कारखान्यांमुळे ट्रायपॉडच्या सुट्या गोष्टी येथे करून घेता येतात: वेजखालचा खांब, जाड तबकडी, स्टीलची अणकुची पावले. सांगताना माप मात्र काटेकोर द्यावे. कॅमेऱ्याखालचा स्क्रू पाव इंची, इंचाला २० आट्यांचा असतो; हेड व ट्रायपॉड यांच्यामधला ३/८ इंची, इंचाला १६ आट्यांचा. लेथवर बोलताना हेच दोन सुती व तीन सुती होतात. हाताशी असलेले एम६ आणि एम१० बोल्ट दिसायला जवळचे वाटतात, पण त्यांच्या आट्यांचे अंतर वेगळे असते. ते जोर लावून बसवले तर कॅमेऱ्याच्या तळाच्या आट्या कायमच्या खराब होतात. खांब अ‍ॅल्युमिनियमचा, निदान ५० मिमी व्यासाचा करून घ्यावा.

मोजणीदारांच्या जुन्या लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या तिपाया कधीकधी स्वस्तात मिळतात. त्या अतिशय भक्कम असतात, त्यांचा बोल्ट ५/८ इंची, इंचाला ११ आट्यांचा असतो, आणि जोडतबकडी लेथवर होते. पण वजन आणि लांबी पाहता त्या मोटारवाल्यांसाठीच योग्य आहेत.

नववी पायरी: जागेवर उभा करणे आणि परतल्यावरची निगा

उजेड असतानाच पोहोचावे. सर्वांत जाड टप्पे आधी उघडावेत आणि बारीक टप्पा गरज पडलीच तर शेवटी. उतारावर दोन पाय खालच्या बाजूला ठेवावेत. कॅमेऱ्याचा पट्टा काढून टाकावा, कारण तो वाऱ्यात फडफडून लेन्स हलवतो. कॅमेऱ्यातील किंवा लेन्समधील कंपनरोधक व्यवस्था बंद करावी, आणि शटर केबलने किंवा टायमरने उघडावे. आकड्याला पिशवी टांगायची असेल, तर ती जमिनीला किंचित टेकेल इतकी खाली सोडावी. अधांतरी पिशवी झोके घेते आणि ट्रायपॉडलाही आपल्याबरोबर घेते. त्याहून उत्तम उपाय म्हणजे आकड्यापासून एक दोरी जमिनीवरच्या जड दगडाला ताणून बांधणे, आणि जांभ्याच्या सड्यावर दगडांना तोटा नाही. साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात रस्त्याने उसाच्या गाड्या रात्रभर चालू असतात. रस्त्यापासून पुरेसे आत गेल्यास त्यांच्या दिव्यांपासून आणि जमिनीच्या हादऱ्यापासून दोन्हींपासून सुटका होते.

नोव्हेंबर ते जानेवारी या काळात पहाटे दव पडते आणि ट्रायपॉड ओला होतो. घरी आल्यावर पाय पूर्ण उघडून, कोरड्या फडक्याने पुसून, सावलीत वाळवावेत आणि मगच पिशवीत घालावेत. लाल धूळ ओल्या फडक्याने पुसू नये, ती आट्यांत लेपासारखी बसते. आधी जुन्या दात घासण्याच्या ब्रशने झटकावी. पावसाळ्यापूर्वी एकदा सर्व पिळाची कुलुपे खोलून, आतले प्लास्टिकचे तुकडे कोणते कोठे होते त्याचा फोटो काढून, ती साफ करावीत आणि आट्यांवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. नळीवर ग्रीस लागू देऊ नये, नाहीतर कुलूप धरणार नाही. पावसाळ्यात ट्रायपॉड पिशवीबाहेर, कुलुपे थोडी सैल ठेवून, भिंतीला टेकवून ठेवावा.